चुकलेलं उत्तरही वाचायला हवं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. चाचणी झाली की गुण ऑनलाइन भरायची घाई असते. मुलाचं उत्तर का चुकलं, हे बघायला मात्र वेळच उरत नाही.

चौथीतल्या एका मुलाने ५०२ मधून १७८ वजा करून ४७६ लिहिले. मी फुली मारली. तीच चूक आणखी तीन वह्यांत दिसली, तेव्हा त्याला जवळ बसवून विचारलं, "हे कसं केलंस रे?" तो म्हणाला, "सर, दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन घेतले. मोठ्यातून बारका काढायचा, तुम्हीच तर सांगितलं होतं." सांगितलं होतं खरं. दुसरीच्या वर्गात ते वाक्य मीच कितीदा म्हटलंय. मग विचारलं, पाचशे दोन रुपये नेले, एकशे अठ्ठ्याहत्तरचा किराणा घेतला, तर परत किती आणशील? बोटं मोजत त्याने बरोबर ३२४ सांगितले.

त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर तोही फडावर जातो, तो मार्च-एप्रिलात परततो. आमच्या वार्षिक नियोजनात हातच्याची वजाबाकी दुसऱ्या सत्रात. म्हणजे दुसरीत बुडाली, तिसरीतही बुडाली. हंगामी वसतिगृहामुळे काही मुलं गावात राहतात, पण सगळी नाही. म्हणून यंदा मी वजाबाकी आणि भागाकार जून ते ऑक्टोबरातच घेतले, मोजमाप नंतरसाठी ठेवलं, कारण मोळ्या आणि वजनकाटा ही मुलं फडावर रोज बघतात. तपासणीत शेरा मिळाला, टाचण नियोजनाप्रमाणे नाही. ऊसतोडीच्या गावांत घटकांचा क्रम बदलायची लेखी मुभा शिक्षकाला मिळायलाच हवी.

शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला आणि त्याच्यासोबत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना फार चांगली, मूल कुठे अडलंय हे शिक्षकाला वेळीच कळावं. पण वर्णनात्मक नोंदी तयार पुस्तिकेतून उतरवल्या जातात आणि पन्नास मुलांपुढे 'गणितात रुची घेतो' हेच वाक्य येतं. मीही तसं लिहिलं आहे, आणि आता त्याची खंत वाटते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला ५० तास सांगितले आहेत. त्यासाठी नवी प्रशिक्षणं कशाला? केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत पहिला तास फक्त वह्यांना द्यावा. प्रत्येकाने चुकलेल्या उत्तराची एक वही आणावी आणि 'मी काय शिकवलं म्हणून हे असं झालं' एवढंच सगळ्यांसमोर बोलावं.

मागच्या परिषदेत मी ती वही नेली होती. परिपत्रकं वाचता वाचता सायंकाळ झाली, वही पिशवीतच राहिली. पुढच्या परिषदेला पुन्हा नेणार आहे.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक, ता. धारूर, जि. बीड