मॅटच्या निकालानंतरची तीन वर्षे

मा. संपादक,
स. न.

बदल्यांचा हंगाम आला की ‘मॅटचा सरकारला दणका’ अशा मथळ्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत दिसू लागतात. मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे नोकरीविषयक वाद ऐकणारे. दणका बसल्यावर पुढे काय होते, ते मात्र बातमीत येत नाही. ते मी भोगले आहे, म्हणून हे पत्र.

मी एका सरकारी कार्यालयात वर्ग तीनचा लिपिक होतो. निवृत्तीला चार महिने उरले असताना सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेले आणि तेरा वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकल्याचा शेरा घेऊन परत आले. चूक कार्यालयाची, वसुली माझ्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून): 1 लाख 84 हजार रुपये. वर्ग तीन-चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे यांच्याकडून अशी वसुली करता येत नाही, जादा वेतन पाच वर्षांहून अधिक काळ दिले गेले असेल तरीही करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रफिक मसीह प्रकरणात डिसेंबर 2014 मध्येच सांगून ठेवले आहे. मॅटने त्याच आधारे वर्षभरात रक्कम परत करण्याचा आदेश दिला. कार्यालयाने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका केली, स्थगिती मिळवली आणि तीन वर्षे गेली. शेवटी सुनावणी झाली ती जेमतेम वीस मिनिटे, आणि याचिका फेटाळली गेली. मॅटपुढचे सरकारी शपथपत्र आणि ही रिट मी शेजारी ठेवून वाचली होती. परिच्छेदांचे क्रमांक तेवढे बदललेले होते.

मग मॅटचाच निकाल अंतिम करून टाका, असे कोणी सुचवील. मला ते मुळीच मान्य नाही. 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याने उच्च न्यायालयाचे दार बंदच केले होते. मॅटमध्ये हरलेल्याला थेट दिल्ली गाठावी लागे, तीही सर्वोच्च न्यायालयाने विशेष परवानगी दिली तर. 18 मार्च 1997 रोजी एल. चंद्रकुमार प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे दार उघडले. अनुच्छेद 226 आणि 227 खालील उच्च न्यायालयाचा अधिकार हा राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, न्यायाधिकरणे त्याला पूरक आहेत, पर्याय नाहीत, आणि त्यांचे निकाल उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे तपासले जातील, असे त्यांनी ठरवले.

त्याचा उपयोग मी जवळून पाहिला. माझ्या एका सहकाऱ्याला विभागीय चौकशीनंतर बडतर्फ केले. चौकशी अहवालाची प्रत त्यांच्या हाती कधी पडलीच नव्हती. मॅटच्या निकालात या मुद्द्याचा उल्लेखही आला नाही. उच्च न्यायालयाने नेमके तेवढेच पाहिले, निकाल रद्द केला आणि प्रकरण पुन्हा ऐकायला परत पाठवले. मिरजेच्या लिपिकाला त्यासाठी दिल्लीच्या वकिलाची फी परवडली नसती.

पण ही तपासणी म्हणजे अपील नव्हे. न्यायाधिकरणाने आपल्या अधिकारात राहून काम केले का, दोन्ही बाजू ऐकल्या का, कायद्याची ढळढळीत चूक केली का, पुरावाच नसताना निष्कर्ष काढला का, एवढेच उच्च न्यायालय बघते. पुरावा नव्याने तोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये बी. सी. चतुर्वेदी प्रकरणात हेच सांगितले: निर्णय कसा घेतला गेला हे तपासायचे, निर्णय आपल्याला पटतो का हे नव्हे. ही मर्यादा न्यायमूर्ती पाळतात. रिटच्या फाइलवर सही करणारे अधिकारी पाळत नाहीत. कार्यालयात 34 वर्षे काढल्यामुळे त्याचे कारण मला ठाऊक आहे. ‘वर का गेला नाहीत’ हा प्रश्न उद्या लेखापरीक्षणात येऊ शकतो. वर जाऊन हरलो तर कोणी काही विचारत नाही. खर्च सरकारी तिजोरीतून होतो आणि निवृत्त माणूस थांबून राहतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मॅटच्या निकालाविरुद्ध रिट करायला मंजुरी देताना विधी व न्याय विभागाने त्या निकालात कायद्याची नेमकी कोणती चूक आहे ते चार ओळींत लिहावे. लिहिता येत नसेल, तर निकाल अमलात आणावा. आणि उच्च न्यायालयाला नम्र विनंती अशी की निवृत्तांच्या वसुलीत स्थगिती देताना रक्कम आधी न्यायालयात भरायला लावावी आणि हमीवर ती निवृत्ताला उचलू द्यावी. पैशांच्या इतर दाव्यांत ही पद्धत आहेच.

माझे पैसे मिळाले. माझ्याबरोबर मॅटमध्ये जिंकलेले दोघे अजून तारखेची वाट पाहत आहेत. त्यांतले एक 71 वर्षांचे आहेत. त्यांच्याविरुद्धची रिट मी वाचली आहे, मुद्दे तेच आहेत.

– एक निवृत्त लिपिक, मिरज