निळी जळमटे आणि आपली फुप्फुसे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

फुप्फुसांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचनात येतात. चर्चा मात्र कॅरीबॅग आणि पाण्याच्या बाटल्या यांपाशीच थांबते. सोलापूरकरांनी या विषयाकडे कापडाच्या बाजूने पाहायला हवे, कारण बाटलीचे पीईटी हे प्लॅस्टिक आणि गणवेशाच्या कापडातले पॉलिस्टर हा रासायनिकदृष्ट्या एकच पदार्थ आहे. इंग्लंडमधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या फुप्फुसांच्या १३ नमुन्यांपैकी ११ नमुन्यांत प्लॅस्टिक आढळले, आणि त्यात पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकबरोबर पीईटीचे प्रमाण सर्वाधिक होते.

हे कण पेशींचे नेमके काय करतात, याबाबत २०२१ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात झालेला प्रयोग बोलका आहे. वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या इवल्या पिशव्यांच्या, अस्तरातील मानवी पेशींवर १ आणि १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे कण सोडले असता बहुतेक पेशी जिवंत राहिल्या. पण त्यांचे विभाजन मंदावले, चयापचय घटला, आकार बदलला, एकमेकींना बिलगून असणाऱ्या पेशींत फटी पडल्या आणि काही कण पेशींच्या आत शिरून केंद्रकाभोवती जमा झाले. एवढ्यावरून ‘फुप्फुसे निकामी’ असा मथळा देणे मला रास्त वाटत नाही. प्रयोगशाळेतल्या पेशींना नाकातले केस, कफ आणि खोकला यांचे संरक्षण नसते, शिवाय त्या पेशी मूळच्या कर्करोगाच्या गाठीतून वाढवलेल्या होत्या. तरीही पेशी न मरता तिचे काम बिघडू शकते, ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

आता आपल्याकडचे. मी पूर्व भागात राहतो. आमच्या बोळात गणवेश शिवण्याचा एक छोटा कारखाना आहे. तिथल्या पत्र्याखालची जळमटे निळी आहेत; नेव्ही ब्लू कापडाचा हंगाम असला की कोळ्याचे जाळेसुद्धा त्याच रंगाचे होते. संध्याकाळी कोरड्या झाडूने जमीन झाडणारी बाई पदराने नाक पुसते, तेव्हा पदरावर निळा डाग उमटतो. उरलेल्या चिंध्या कुणीतरी पाणी तापवायला बंबात घालते. सुती चिंधी जळून राख होते. पॉलिस्टरची चिंधी वितळून ठिबकते आणि काळा धूर सोडते, तो घराघरांत शिरतो.

सुताच्या धुळीने मागावरच्या माणसाची छाती भरते, हे या गावाला गिरण्यांच्या काळापासून ठाऊक आहे. कृत्रिम धाग्याचीही नोंद जुनीच आहे: नायलॉनचे बारीक तुकडे कापडावर चिकटवणाऱ्या अमेरिका व कॅनडातील कारखान्यांत १९९०च्या दशकात कामगारांना फुप्फुसांचा एक वेगळाच आजार जडल्याचे डॉक्टरांना आढळले होते. आपल्याकडे धागा बदलला, धुळीची तपासणी मात्र बदललेली नाही. सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. पण हवेतील धूलिकणांचे वजन मोजले म्हणून त्यात मातीची धूळ किती आणि पॉलिस्टर किती, हे कळत नाही. शिवाय ती मोजणी रस्त्यावरच्या हवेची असते, शेडमधल्या नव्हे.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आणि डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून काही यंत्रमाग व शिलाई कारखान्यांतील हवेचे नमुने तपासावेत आणि तिथल्या कामगारांची फुंकून करायची श्वासक्षमता चाचणी घ्यावी, अशी माझी विनंती आहे. कारखानदारांना तोवर थांबण्याचे कारण नाही: झाडण्याआधी पाण्याचा शिडकावा, छताजवळ एक एक्झॉस्ट पंखा आणि चिंध्या बंबाऐवजी भंगारवाल्याकडे, एवढे तर उद्यापासून करता येईल. तपासणी मात्र मार्च ते जून या गणवेशांच्या हंगामात, रात्री उशिरापर्यंत मशिनी चालू असतानाच व्हावी. दिवाळीनंतरच्या मोकळ्या शेडमध्ये घेतलेला नमुना काहीच सांगणार नाही.

आपला,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर