चिठ्ठीवर पेशंटचं काम लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

'जड धातूंची विषबाधा एमआरआयमध्ये लगेच कळते' हे कालच्या अंकातलं वाक्य वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. लेखकाचा हेतू चांगलाच असणार. पण त्या वाक्यावर कुणी विसंबू नये. शिशाचा संशय असेल तर आधी रक्तच तपासावं लागतं. मँगनीज एमआरआयमध्ये दिसतं, पण स्कॅन वेळेत झाला आणि बघणाऱ्याला काय शोधायचं ते ठाऊक असलं तरच.

माझे थोरले बंधू मांडवीकाठच्या एका यार्डात 22 वर्षं वेल्डर होते. बार्जच्या, म्हणजे मालवाहू बोटीच्या, पोटात, वारा शिरत नाही अशा जागी, तोंडाला पंचा बांधून काम. वेल्डिंगच्या रॉडमधलं मँगनीज धुरातून छातीत आणि तिथून मेंदूत जातं. दादाचे हात थरथरू लागले, चेहरा लाकडासारखा झाला, आणि दोन पावलं मागे जा म्हटलं की पाठीवर कोसळायचा. एमआरआयसाठी चिठ्ठी दिली त्यावर एवढंच : 'हातांना कंप, वय 51.' रिपोर्ट आला, वयोमानानुसार बदल. दीड वर्ष पार्किन्सनच्या गोळ्या घेतल्या, काडीचा गुण नाही.

मग दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "काम काय करायचात?" जुनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना सारखेच, दोन पांढरे डाग वहिनीला दाखवले. एमआरआयच्या टी-1 प्रकारच्या चित्रात ते उठून दिसतात. यकृत बिघडलं तरी तसेच दिसतात, म्हणून तर काम विचारायचं! तोवर दादाचं काम सुटून वर्ष झालं होतं. नवा एमआरआय केला तर डाग जवळजवळ पुसलेले. धूर बंद झाला की ते काही महिन्यांत विरतात. चाल मात्र सुधारली नाही. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या यादीत मँगनीजचे आजार नाव घेऊन नोंदलेले होते, आता त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत. ती पहिली फिल्म रद्दीत गेली असती, तर दादाने भरपाई मागायची कशाच्या जोरावर?

एमआरआयच्या चिठ्ठीवर पेशंटच्या कामाची एक ओळ छापा आणि ती भरल्याशिवाय पेशंटला आत घेऊ नका. खाणीत, यार्डात, गॅरेजात राबणारी माणसं गोव्यात थोडी नाहीत.

आणि रिपोर्टखाली मराठीत किंवा कोंकणीत दोन ओळी तरी लिहा. तो इंग्रजी कागद वहिनी दीड वर्ष पिशवीत घेऊन फिरली, त्यात काय आहे ते तिला एकदाही कुणी वाचून दाखवलं नाही.

– एक वाचक, डिचोली