फोटोतून कापली गेलेली ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतले रोमचे प्रवासवर्णन वाचले. लिहिणाऱ्याने मनापासून लिहिले आहे. पण त्यासोबतच्या फोटोखाली ‘रोममधील एक प्राचीन विजयकमान’ एवढेच छापले आहे आणि फोटो वरून असा कापला आहे की कमानीच्या माथ्यावरचा शिलालेखच गेला. ती सेप्टिमियस सेव्हेरसची कमान. तिच्या शिलालेखाच्या चौथ्या ओळीसाठी मी हे पत्र लिहीत आहे.

मी ३४ वर्षे सांगलीत कोनशिला आणि नामफलक कोरले. आधी हाताने, छिन्नी-हातोडीने. शेवटची काही वर्षे मशीनवर. मुलगी मिलानला नोकरीला आहे, तिच्याकडे गेलो तेव्हा रोम पाहिले. लोक खांब आणि पुतळे बघत होते, मी अक्षरे बघत होतो. सवय जात नाही.

ही कमान इ. स. २०३ मध्ये उभी राहिली, पार्थियावरच्या (आजच्या इराणकडचे राज्य) विजयासाठी. मान तिघांचा : सम्राट सेव्हेरस आणि त्याचे दोन मुलगे, कॅराकला व गेटा. संगमरवरात अक्षरांचे खाचे कोरून त्यात ब्राँझची अक्षरे खुंट्यांनी बसवली होती. २११ मध्ये बाप वारला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कॅराकलाने भावाला आईच्या कुशीत मारवले. गेटा अवघा २२ वर्षांचा होता. मग साम्राज्यभर त्याचे नाव आणि चेहरा पुसण्याचा हुकूम सुटला. या कमानीवर चौथ्या ओळीत त्याचे नाव व किताब होते. ती अक्षरे उपटली, दगड तासला आणि तिथे दुसरी अक्षरे बसवली : ‘सर्वोत्तम आणि सर्वांत शूर राजांना’. म्हणजे उरलेल्या दोघांची स्तुती.

पण दगड तासला की तिथे खळगा पडतो, हे माझ्या धंद्यातला पोरगासुद्धा सांगेल. शिवाय जुन्या खुंट्यांची भोके राहिली, आणि ती नव्या अक्षरांशी जुळत नाहीत. मी जावयाची दुर्बीण लावून ती पाहिली. आज ब्राँझची अक्षरे नाहीत, फक्त खाचे आणि भोके उरली आहेत. त्या भोकांवरूनच अभ्यासकांनी गेटाचे नाव परत वाचले. शेकडो वर्षांनी! मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे, मुलीला हाका माराव्या लागल्या.

मला हे इतके का भिडले ते सांगतो. एका संस्थेची कोनशिला मी उद्घाटनाच्या आदल्या रात्री बदलली होती. पाहुणे बदलले होते. एक ओळ घासून काढली आणि दुसरे नाव कोरले. सकाळी उन्हं तिरपी असली की तो खळगा अजून दिसतो.

रोममध्येच, सेव्हेरसच्या कमानीपासून थोड्या अंतरावर सराफांची कमान आहे, २०४ सालची. सराफ आणि गुरांच्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने राजघराण्यासाठी बांधलेली. आत सेव्हेरस होम करताना दिसतो, शेजारी राणी जूलिया डोम्ना, आणि तिच्या बाजूला नुसता तासलेला दगड. गेटा तिथे होता. समोरच्या फलकावर कॅराकला एकटा आहे. त्याची बायको आणि सासरा, दोघेही तासून काढले आहेत. पैसे व्यापाऱ्यांचे होते तरी कोण राहणार आणि कोण जाणार हे राजवाडा ठरवत होता.

त्यामुळे ‘रोमन सम्राटांचे कलाप्रेम’ हे प्रवासवर्णनातले शब्द मला पटले नाहीत. प्रेम असेलही. पण ही कामे प्रचारासाठी सांगून करून घेतलेली होती, आणि त्यात सर्वांत हुशार मला पहिला सम्राट ऑगस्टस वाटला. आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तांत त्याने समाधीपुढे ब्राँझच्या पाट्यांवर लावायला सांगितला, त्यात तो लिहितो की कॅपिटॉल (ज्युपिटरचे देऊळ) आणि पॉम्पी या सेनापतीचे नाट्यगृह मी मोठा खर्च करून दुरुस्त केले, पण माझे नाव त्यावर कुठेही घातले नाही. नाव घातले नाही हे जगाला कळेल अशी तजवीज त्याने केली. हा वृत्तांत आज रोममध्ये त्याच्या शांतिवेदीच्या (‘आरा पाचिस’, शांतिदेवतेची वेदी) इमारतीच्या भिंतीवर कोरलेला दिसतो. ती भिंत मुसोलिनीच्या राजवटीत, १९३८ मध्ये उभी राहिली. त्यालाही ऑगस्टसचा वारसा हवा होता.

रोममधल्या पँथिऑन या जुन्या देवळावर ‘मार्कस अग्रिपाने बांधले’ अशी मोठी अक्षरे आहेत. बांधकाम मात्र नंतरच्या सम्राट हेड्रियनच्या काळात पुरे झाले. विटांवरच्या शिक्क्यांमुळे त्याचे खरे वय कळले. हेड्रियनने जुने नाव ठेवले, अग्रिपाचे, म्हणजे ऑगस्टसच्या सोबत्याचे. आणि त्या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरांत २०२ सालचा दुरुस्तीचा लेख आहे : सेव्हेरस आणि कॅराकला यांचा. बहुतेक पर्यटक तिथपर्यंत नजर खाली आणत नाहीत.

माझी विनंती एवढीच. पुरवणीत अशा वास्तूंचे फोटो छापताना कोणी उभारली, कोणत्या साली आणि कोणत्या घटनेनंतर, हे तीन शब्द तरी खाली द्यावेत. आणि जमल्यास त्या कमानीचा फोटो पुन्हा एकदा, माथ्यासकट छापावा. चौथ्या ओळीचा दगड वरच्या तीन ओळींपेक्षा खोल गेलेला आहे. चांगल्या छपाईत तो दिसेल.

आपला,
एक निवृत्त कोनशिला कारागीर, सांगली