तात्यांच्या डाव्या बाजूला बसलेल्या सुभेदार साहेबांस

आदरणीय सुभेदार साहेब,

सादर नमस्कार.

माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांच्या स्मृतिदिनी, 10 ऑगस्टच्या कार्यक्रमात आपण माझ्या वडिलांसाठी, म्हणजे तात्यांसाठी, जे केलेत, त्याबद्दल मी तिथेच आभार मानू लागले, तेव्हा आपण "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात. म्हणून आता हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे.

तात्या 1965च्या भारत-पाक युद्धात पंजाबातल्या खेमकरण आघाडीवर 25 पौंडी तोफेवर होते. त्या सप्टेंबरात असल उत्तर गावाच्या शिवारात काय घडले, ते जाणकारांना ठाऊक आहे. पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले, उसाच्या आडोशाला दबा धरून बसलेल्या आपल्या डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटच्या शर्मन रणगाड्यांनी त्यांना टिपले, जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने रणगाडे फोडता फोडता ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद धारातीर्थी पडले, आणि आपल्याकडील नोंदींनुसार शत्रूने तिथे 97 रणगाडे गमावले. त्या डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर म्हणजे अलिबागचे सुपुत्र, तेव्हाचे लेफ्टनंट कर्नल वैद्य. जिवाची पर्वा न करता या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत त्यांनी आपली माणसे उभी ठेवली आणि महावीर चक्र मिळवले. 1971मध्ये बसंतरच्या लढाईत ते दुसऱ्यांदा मिळवले.

गंमत अशी, की तात्यांनी वैद्यसाहेबांना रणांगणात कधी पाहिलेच नाही. तोफखान्याचा जवान काही मैल मागे असतो. त्याला दिशा आणि अंतर कळते, शत्रू दिसत नाही आणि ज्यांच्यासाठी तो गोळे टाकतो ती आपली माणसेही दिसत नाहीत. तरीही "पुढे ते हलले नाहीत, म्हणून मागे आम्हाला हलावं लागलं नाही," हे तात्यांचे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लष्करप्रमुखपदावरून निवृत्त होऊन वर्षही झाले नव्हते, तेव्हा 1986मध्ये पुण्यात स्वतः गाडी चालवत बाजारातून घरी परतणाऱ्या या माणसावर अतिरेक्यांनी गोळ्या झाडल्या. ती बातमी आली त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. तेव्हापासून 10 ऑगस्टला जिथे कुठे त्यांच्या स्मृतीला अभिवादन असेल, तिथे जाण्याचा तात्यांचा हट्ट असतो.

आणि तिथे आजवर काय झाले, तेही लिहायलाच हवे. शाल, श्रीफळ आणि मागच्या रांगेतली खुर्ची. एका ठिकाणी तर निवेदकाने त्यांची ओळख "रणगाड्यावरचे शूर जवान" अशी करून दिली. तात्या उभे राहून "तोफखाना, तोफखाना" म्हणत राहिले, आणि लोकांना वाटले, म्हातारा घोषणा देतो आहे, टाळ्या वाजल्या. ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या उजव्या कानात ओरडून "आजोबा, ऐकू येतंय ना?" असे विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता पुढे सरकायचे, यालाच तिथे सन्मान म्हणत होते. व्यासपीठावरच्या मान्यवरांना वैद्यसाहेबांची जन्मतारीखही कागदात बघून वाचावी लागत होती, ते सोडा.

आपण मात्र व्यासपीठावरून खाली उतरलात. वाकून, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून एकच प्रश्न विचारलात, "तात्या, तोफेवर कितवा नंबर?" तात्यांनी तीन बोटे दाखवली. त्यावर आपण काही न बोलता खुर्चीला मागून वळसा घातलात, दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसलात आणि अगदी साध्या आवाजात बोलू लागलात. मी तोंड उघडण्याआधीच हे झाले होते. 25 पौंडीवरचा तीन नंबर म्हणजे लेयर; तो नळीच्या डाव्या अंगाला बसतो, साइटला, म्हणजे नेम धरायच्या भिंगाला, डोळा लावतो, पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आणतो, "रेडी" म्हणतो आणि हुकूम मिळताच तोफही तोच डागतो. धडाका होतो तो त्याच्या उजव्या कानाशी, आणि तात्यांना त्याच कानाने नीट ऐकू येत नाही. आपल्याला हे कुणी समजावून सांगावे लागले नाही, आणि सुभेदार साहेब, माझ्यासाठी सगळ्या दिवसात तेवढीच एक गोष्ट झाली असती तरी पुरे होते.

पुढचे सगळ्यांनी पाहिलेच. आपण द्रासला बोफोर्स तोफेवर होता, हे कळल्यावर तात्यांनी पहिला प्रश्न केला तो गोळ्याच्या वजनाचा. "त्रेचाळीस किलो," आपण म्हणालात. "आमचा अकरा," म्हणत तात्या जे हसले, तसे हसताना मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते. मग आपण ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती दिलात, आणि ज्या माणसाला मागच्या रांगेतून कुणी ऐकले नव्हते, त्याने वैद्यसाहेबांविषयी स्वतःच्या शब्दांत सांगितले. मध्येच गाडी गावच्या पावसावर घसरली. आपण थांबवले नाहीत.

माणुसकी म्हटले की आपल्याला मोठ्या देणग्या आणि मोठी कामे आठवतात. आपण तर समोरच्याने आयुष्यात काय काम केले, एवढेच मनापासून विचारलेत, आणि मग उत्तर नीट ऐकू यावे अशा जागी जाऊन बसलात. असे करणारी माणसे गणवेशात असोत वा नसोत, मला त्यांचा फार आधार वाटतो.

28 सप्टेंबरला तोफखान्याचा दिवस असतो. त्या दिवशी आपण सहकुटुंब आमच्याकडे जेवायला यावे, अशी विनंती तात्यांच्या वतीने करते आहे. बोफोर्सच्या साइटविषयी त्यांच्या काही शंका आहेत, त्या त्यांनी वहीत लिहून ठेवल्या आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
25 पौंडीवरच्या एका तीन नंबरची मुलगी