दीड इंची पाइप पाहिला, रॉड पाहायचा राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली अठरा वर्षे मी रायगड जिल्ह्यातल्या एका बेंजो पार्टीत ड्रम वाजवतो. हळद, वरात, गणपती, नवरात्र, सगळीकडे आमचा सेट टेम्पोच्या हौद्यात उभा राहतो. तिथे तीन पायांचे चार-पाच स्टँड मांडायला जागा नसते, आणि चाक खड्ड्यात गेले की ते कलंडतात. म्हणून यंदा पार्टीतल्या सगळ्यांनी पैसे जमवून ड्रम रॅक घेतला. दोन टॉम (छोटे ड्रम), तीन सिंबल (झांजा) आणि ऑक्टापॅड (इलेक्ट्रॉनिक पॅड), सगळे एकाच चौकटीवर.

दुकानात मी एकच प्रश्न विचारला, पाइपला वाद्ये पकडणारे आमचे जुने क्लॅम्प बसतील का? उत्तर मिळाले, "दीड इंची गोल पाइप आहे, सगळं बसतं." पाइप खरोखरच दीड इंची, म्हणजे ३८.१ मिमीचा होता आणि क्लॅम्पही बसले. चूक पुढच्या जोडात होती. रॅकसोबत आलेले, टॉम अडकवायचे एल-रॉड (काटकोनात वाकवलेले दांडे) १०.५ मिमीचे होते, आमच्या टॉमवरचे, तो दांडा पकडणारे ब्रॅकेट मात्र १२.७ मिमीच्या रॉडचे.

हे कळले ते हळदीच्या कार्यक्रमात, वाजवताना. दर दोन गाण्यांनी टॉम माझ्याकडे झुकायचा आणि काठी चामड्याऐवजी रिमवर बसायची. नट पिळून पिळून शेवटी त्याचे आटे गेले. मग थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून रॉडला गुंडाळला, तोही अर्ध्या तासात चुरगळला. दुसऱ्या दिवशी लेथवाल्याकडे गेलो. त्याने व्हर्निअर (जाडी मोजायचे साधन) लावून दोन्ही मापे कागदावर लिहून दिली आणि रॉडवर चढवायचे पितळी बुश, म्हणजे पातळ नळ्या, करून दिले, भिंत जेमतेम १.१ मिमी, आवळता यावे म्हणून एका बाजूने चिरलेले. तेव्हापासून टॉम हललेला नाही.

आमचे निभावले, कारण रॉड बारीक होता. तो जाड असता तर बुशही कामाला आले नसते. शिवाय सगळे रॅक गोल पाइपचे नसतात. पर्ल कंपनीचे बरेच रॅक चौकोनी पाइपचे, यामाहाचे काही षट्कोनी. गोल पाइपचा क्लॅम्प चौकोनी पाइपवर लावला तर तो फक्त कोपऱ्यांवर टेकतो आणि धक्क्याने सरकतो. टॉमचेही तसेच आहे. पर्लच्या जुन्या टॉममध्ये साधारण २२ मिमीची नळी थेट आत शिरते, यामाहाचा रॉड षट्कोनी असतो. सिंबलच्या दांड्याच्या टोकाचे आटे कुठे ८ मिमीचे, कुठे ६ मिमीचे. म्हणजे पाइप, रॉड आणि आटे ही तिन्ही मापे जुळली, तरच "बसतं" म्हणायचे.

ही मापे दुकानदाराला तोंडपाठ असावीत, असे माझे म्हणणे नाही. ती खोक्यावर आणि बिलावर असावीत, एवढेच मागणे आहे. ज्या मालाला आकारमान महत्त्वाचे असते, त्याचे माप वेष्टनावर द्यावे, असे पॅकबंद वस्तूंबाबतचे २०११ चे वैध मापनशास्त्राचे नियम सांगतात. रॅकच्या बाबतीत आकारमान महत्त्वाचे नाही, असे कोण म्हणेल? आमच्या खोक्यावर एकूण रुंदी-उंची होती, पाइपचा किंवा रॉडचा व्यास कुठेही नव्हता. खोके फोडून रॅक जोडला होता, त्यामुळे दुकानाने तो परतही घेतला नाही.

बेंजोवाल्या पोरांचे पैसे वर्षातल्या मोजक्या महिन्यांत येतात. त्यातले एवढे पैसे न जुळणाऱ्या लोखंडात गेले की त्या मोसमाची कमाईच जाते. गणपती जवळ आले की रॅक घ्यायला गर्दी होते. वाद्यविक्रेत्यांनी त्याआधी प्रत्येक रॅकवर पाइपचा आकार, बाहेरचा व्यास आणि रॉडचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेली चिठ्ठी लावावी, आणि गल्ल्यावर एक व्हर्निअर ठेवावा. आणि घेणाऱ्यांनी, माझ्यासारखे रिकाम्या हाताने न जाता, आपल्या टॉमचे ब्रॅकेट काढून सोबत न्यावे. चार स्क्रू सोडवायचे काम आहे.

– एक ड्रमवादक, पेण