फीसोबत बुडालेला पगारही छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयटीत टिकायचं तर एम.सी.ए. (संगणकाची पदव्युत्तर पदवी) कराच, असा सूर करिअर पुरवण्यांत नेहमी दिसतो. मी दारव्हा तालुक्यातला. गणित घेऊन बी.एस्सी. झालो, प्रोग्रामिंग यूट्यूबवर शिकलो, आणि 5 वर्षांपासून घरी बसूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. महिन्याला 38 हजार. एम.सी.ए. करायचं की नाही, यावर घरात दोन वर्षांपासून खल चालू आहे. बाबा म्हणतात, "काम तं करूनच राह्यला नं तू, मंग कागद काहाले पायजे?" मामांना मात्र लग्नाच्या बायोडाटात पदवी हवी.

कागद राहू द्या, आधी ज्ञानाचं सांगतो. गेल्या हंगामात ओळखीच्या एका कापसाच्या जिनिंगला काटापट्ट्यांचा, म्हणजे वजनाच्या पावत्यांचा, प्रोग्राम लिहून दिला. आवक वाढली, पट्ट्या 2 लाखांवर गेल्या, आणि एका शेतकऱ्याच्या पट्ट्या शोधायला 40 सेकंद लागू लागले. बाहेर गाड्यांची रांग, आत मला घाम. डेटाबेसला इंडेक्स (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून क्रमाने केलेली सूची) लावलेला होता, तरी ही गत. एम.सी.ए. झालेल्या मित्राला फोन केला. त्याने एवढंच विचारलं, "इंडेक्समध्ये आधी तारीख आहे की शेतकरी?" आधी तारीख होती. मतदारयादी भागवार असते. भाग माहीत नसताना नुसतं नाव शोधायचं तर सगळी पानं चाळावी लागतात, तसं झालं होतं. क्रम उलटा केला आणि पट्टी क्षणात समोर. पाच वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. स्वतःचं स्वतः शिकणारा अडेल तेवढंच शिकतो. बाकीचं राहून जातं, आणि राहिलंय हेही त्याला कळत नाही.

पण हाच मित्र सांगतो, त्याच्या वर्गातल्या कित्येकांनी शेवटच्या सत्राचा प्रोजेक्ट विकत आणला होता. शिवाय डेटाबेस, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम यांवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावर फुकट आहेत. प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची तेवढी फी. त्या फोननंतर मी ती व्याख्यानंच बघायला घेतली. बी-ट्री (इंडेक्स आतून ज्या रचनेत ठेवतात ती) डोक्यात शिरायला तीन रात्री लागल्या, त्यातली एक लाईट नसण्यात गेली.

मग पदवी लागते कुठे? एका कंपनीच्या ऑनलाइन अर्जात बी.ई., बी.टेक. आणि एम.सी.ए. एवढेच पर्याय होते. बी.एस्सी.च नव्हतं, अर्ज पुढे सरकेना. कॉलेजात शिकवायचं तर पदव्युत्तर पदवीला 55 टक्के आणि वर नेट-सेट. आणि अमेरिकेचं डोक्यात असेल तर, नोकरीसाठीच्या एच-वन बी व्हिसाच्या वर्षाच्या 65,000 जागांशिवाय ज्या 20,000 जास्तीच्या आहेत, त्या तिथल्याच विद्यापीठातून मास्टर्स केलेल्यांना. इथलं एम.सी.ए. त्यात धरत नाहीत.

पुरवण्यांतल्या लेखांत फी असते, बुडालेला पगार नसतो. माझी खरी तक्रार तीच. एम.सी.ए. आता तीनऐवजी दोन वर्षांचं आहे, तरी नागपूरला राहून केलं तर माझे 24 महिन्यांचे 9 लाख 12 हजार जातात. फी, खोली, मेस वेगळी. चार एकर कोरडवाहूत कापूस-तुरीतून एवढे सुटायला किती हंगाम लागतात, ते तुमचे वाचक जाणतात. ज्याचा पगार सुरूच झालेला नाही, त्याचं गणित निराळं. त्याने खुशाल कॉलेजात जावं. बरोबरीची पोरं आणि कॅम्पस मुलाखती तिथेच मिळतात.

मी नोकरी न सोडता इग्नू या मुक्त विद्यापीठातून एम.सी.ए. करायचं ठरवलंय. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची, हे यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. दोन वर्षांचा अभ्यास लांबवताही येतो. वेचणीच्या दिवसांत ते कामाचं. प्रात्यक्षिकांना मात्र एसटीने हेलपाटे होतील. बाबांना अजून सांगितलं नाही. मामांना सांगितलं, तर त्यांनी बायोडाटात 'एम.सी.ए. (सुरू)' असं लिहूनही टाकलं.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ